१९५८ सालची पावती: भूतानच्या निर्वासितांना तिसरा देश कसा मिळाला

समजा, उद्या गावात सरकारी माणसं आली आणि म्हणाली, तीस वर्षांपूर्वी तुमच्या घराने शेतसारा भरल्याची पावती काढा. आधीच्या वर्षाची चालणार नाही, नंतरच्याही नाही, आम्ही सांगतो त्याच वर्षाची हवी. पावती निघाली तर तुम्ही या देशाचे, नाही निघाली तर परके. ट्रंकेत, माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात, देवघराच्या खणात, कुठे कुठे शोधाल?

दक्षिण भूतानमध्ये १९८८ च्या जनगणनेत हेच झालं. वर्ष ठरलं होतं १९५८. ज्यांच्याकडे त्या वर्षीचा पुरावा होता ते खरे भूतानी, बाकीच्यांची वेगवेगळ्या गटांत विभागणी. पहिला गट अस्सल नागरिकांचा, सातवा परदेशी लोकांचा. एकाच घरातला नवरा पहिल्या गटात, बायको चौथ्यात आणि भाऊ सातव्यात, असंही घडलं.

या लोकांना भूतानमध्ये ल्होत्साम्पा म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांचे पूर्वज नेपाळकडून येऊन तिथल्या तराईत स्थिरावले होते. जंगल तोडून त्यांनी शेतं केली, संत्री लावली, वेलदोड्याचे मळे उभे केले. बहुतेक हिंदू, बोली नेपाळी. १९५८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व दिलंही होतं. पण १९७५ साली शेजारचं सिक्कीम भारतात विलीन झालं. तिथे नेपाळी भाषकांची बहुसंख्या होती, आणि आपलंही तसंच होईल ही धास्ती राजधानी थिंफूतल्या राज्यकर्त्यांच्या मनात बसली. १९८५ साली नागरिकत्वाचा नवा, कडक कायदा आला. १९८९ साली 'एक राष्ट्र, एक लोक' या धोरणाखाली सगळ्यांना उत्तरेकडचा पोशाख सक्तीचा झाला, पुरुषांना घो आणि बायकांना किरा. शाळांतून नेपाळी भाषा काढली. १९९० साली दक्षिणेत मोर्चे निघाले, त्यावर अटका झाल्या, छळ झाला, आणि मग माणसं घालवून देणं सुरू झालं. जाताना 'मी स्वखुशीने देश सोडत आहे' अशा कागदावर सह्या घेतल्या गेल्या. सही करताना कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावलं, असं त्यांतल्या अनेकांनी पुढे सांगितलं आहे. हा कागद लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

आपण ज्यांना निर्वासित म्हणतो ते नेमके कोण, हे इथेच नीट पाहून घेऊ. चांगल्या पगारासाठी दुबईला जाणारा निर्वासित नव्हे, तो परत येऊ शकतो. धरणात गाव गेलेला कोयनेचा शेतकरीही कायद्याच्या भाषेत निर्वासित नव्हे, कारण त्याचं घर गेलं तरी देश गेलेला नसतो. १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची रास्त भीती असल्याने जो आपल्या देशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. ल्होत्साम्पांची अवस्था याहूनही बिकट होती. ते निर्वासित तर होतेच, शिवाय भूतानने नाकारल्यामुळे जगातल्या कुठल्याच देशाचे नागरिक उरले नव्हते. अशा माणसाला राज्यविहीन म्हणतात.

भूतान आणि नेपाळची हद्द कुठेच एकमेकांना लागत नाही. मध्ये भारत आहे. बाहेर काढलेली माणसं आसाम आणि पश्चिम बंगालमध्ये उतरली, पण त्यांना तिथे थारा मिळाला नाही. ट्रकमध्ये भरून ती मेची नदीपलीकडे नेपाळात गेली. भारताने हा भूतान आणि नेपाळ यांच्यातला प्रश्न आहे अशी भूमिका घेतली आणि ती पुढेही सोडली नाही. भूतानशी मैत्री जपण्यासाठी आपण या एक लाख माणसांकडे पाठ फिरवली असं माझं मत आहे, आणि भारतीय वाचकाने ते टाळून पुढे जाऊ नये. सुरुवातीला ही माणसं झापा जिल्ह्यात माई नदीच्या वाळवंटात प्लॅस्टिकखाली राहिली. गोवर आणि हगवणीने मुलं गेली. मग संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था मदतीला आली आणि १९९२ पासून झापा व मोरंग या जिल्ह्यांत सात छावण्या उभ्या राहिल्या: बेलडांगी नावाच्या तीन, गोलढाप, खुदुनाबारी, टिमाई आणि सनिश्चरे.

निर्वासितापुढे रस्ते तीनच असतात. परिस्थिती निवळल्यावर मायदेशी परतणं हा पहिला. ज्या देशात आसरा घेतला तिथेच कायमचं मिसळून जाणं हा दुसरा. आणि हे दोन्ही बंद झाले तर लांबच्या एखाद्या देशाने 'या, आमच्याकडे राहा' म्हणणं हा तिसरा. याला तिसऱ्या देशातलं पुनर्वसन म्हणतात.

हे समजायला कोल्हापूरकरांना फार लांब जायला नको. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बायका आणि मुलंच जास्त, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. युद्ध संपलं तेव्हा पोलंडमध्ये सोव्हिएत वर्चस्व आलं होतं, त्यामुळे अनेकांना परत जाणं नको होतं. त्यांतले बरेच ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत गेले. हा तिसरा रस्ता. आणि रिकाम्या झालेल्या त्याच छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ते तिथेच राहिले, दुकानं टाकली, आणि आज आपण ज्या गांधीनगरात कापड घ्यायला जातो ते उभं राहिलं. हा दुसरा रस्ता. फरक एवढाच की सिंधी माणसांना भारताने पहिल्यापासून आपलं मानलं होतं. आपलं मानणारा देश असला की छावणीची बाजारपेठ व्हायला एक पिढी पुरते.

झापामध्ये ती सोय नव्हती. नेपाळने माणसांना राहू दिलं, पण नागरिकत्व दिलं नाही आणि उघडपणे काम करायची परवानगीही नाही. बांबूच्या भिंती, गवताचं छप्पर, दोन झोपड्यांत हातभर अंतर. आठवड्या-पंधरवड्याला तांदूळ, डाळ, तेल, मीठ मोजून मिळायचं. एका ठिणगीने आख्खी छावणी पेटायची; गोलढापला २००८ मध्ये आग लागली आणि २०११ मध्ये पुन्हा लागली. मात्र शाळा खरोखर चांगल्या चालल्या. शिकलेल्या निर्वासितांनीच तिथे मास्तरकी केली. मुलांना नेपाळी आणि इंग्रजी शिकवलीच, आणि भूतानची राजभाषा जोंगखाही शिकवली. परत गेल्यावर मुलं मागे पडू नयेत म्हणून! ज्या देशाने हाकललं त्याची भाषा मुलांना शिकवणारी ही माणसं होती.

परत जाण्यासाठी नेपाळ आणि भूतान यांच्यात १९९३ पासून दहा वर्षं बोलण्याच्या फेऱ्यावर फेऱ्या झाल्या. २००१ साली दोन्ही देशांच्या पथकाने खुदुनाबारी छावणीतल्या बारा हजारांवर लोकांची तपासणी केली. २००३ साली निकाल लागला. भूतानमधून जबरदस्तीने घालवलेले खरे नागरिक म्हणून मान्य झाले अवघे २९३. सुमारे ७० टक्के लोक 'स्वखुशीने देश सोडून गेलेले' ठरले. तोच सही केलेला, हसून फोटो काढलेला कागद. त्यानंतर तपासणी कायमची थांबली आणि एकही कुटुंब परत गेलं नाही.

पहिला रस्ता असा बंद, दुसरा नेपाळने बंद ठेवलेला. २००६ साली अमेरिकेने जाहीर केलं की आम्ही ६०,००० लोक घ्यायला तयार आहोत. पाठोपाठ कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि ब्रिटन पुढे आले. छावणीत आनंदीआनंद झाला असेल असं आपल्याला वाटेल. उलट छावणी दुभंगली. तिसऱ्या देशात जाणं म्हणजे भूतानवरचा हक्क सोडणं, हाकलणाऱ्यांना मोकळं करणं, असं मानणारे पुष्कळ होते. जाण्यासाठी नाव नोंदवणाऱ्यांना धमक्या आल्या. हा राग मला पूर्ण समजतो. आणि सतरा वर्षं बांबूच्या खोलीत काढून मुलांचं आयुष्य वाया घालवायचं नाही असं ठरवणाऱ्या आईबापांचंही मला पटतं.

इथून पुढे समजायला सोपं जावं म्हणून एक घर डोळ्यांसमोर धरू. घर मी कल्पलेलं आहे, पण त्याची पावलं हजारो घरांची आहेत. आजोबा चिरांग जिल्ह्यातले, संत्र्याच्या बागा असलेले. छावणीत आले तेव्हा पन्नाशीकडे झुकलेले, आता २००९ मध्ये ६६ वर्षांचे. मुलगा लहानपणी आलेला, छावणीतल्या शाळेत शिकलेला. सून छावणीतच भेटलेली. नात चार वर्षांची, जिने भूतान पाहिलेलं नाही.

आधी कुटुंबाने आपणहून इच्छा नोंदवायची. संयुक्त राष्ट्रांची संस्था त्यांची कहाणी लिहून घेते आणि कुठल्या देशाकडे पाठवायचं ते सुचवते. नातेवाईक आधी कुठे गेलेत ते त्यात पाहिलं जातं, पण हॉटेल निवडावं तसा देश निवडता येत नाही. अमेरिकेकडे नाव गेलं की दमक गावातल्या कार्यालयात पुन्हा मुलाखती, सगळी नावं, सगळी नाती, सगळ्या तारखा. मग अमेरिकेचा अधिकारी स्वतः येऊन प्रत्येकाला विचारतो. भूतान का सोडलं? कोणी मारलं? कधी हातात शस्त्र घेतलं होतं का? बोटांचे ठसे घेऊन सुरक्षा तपासणी होते. मग डॉक्टर. क्षयरोग निघाला तर उपचार पूर्ण होईपर्यंत घर थांबतं. यात महिने जातात, कुणाची वर्षंही जातात. अंतिम होकार देणं सर्वस्वी त्या देशाच्या हातात असतं. जगातल्या एकूण निर्वासितांपैकी एका वर्षात एक टक्क्याहूनही कमी लोकांना हा तिसरा रस्ता मिळतो, म्हणून झापामध्ये जे घडलं ते अपूर्व होतं. कार्यक्रम संपेपर्यंत १,१३,००० हून अधिक माणसं गेली, त्यांतली सुमारे ९६,००० एकट्या अमेरिकेत.

निघण्याआधी काही दिवसांचं शिकवणं असतं. गॅसची शेगडी, कमोड, विमानातला पट्टा, बर्फात काय घालायचं, पोलिसांना फोन कसा करायचा. विमानतळावर प्रत्येक कुटुंबाच्या हातात एक पांढरी प्लॅस्टिकची पिशवी असते, निळ्या चिन्हाची. तिच्यात क्षकिरण चित्रं आणि सगळी कागदपत्रं. ती सांभाळायची, बॅगेत टाकायची नाही. अनेक म्हाताऱ्यांनी आपल्या सामानात भूतानची जुनी नागरिक ओळखपत्रं आणि करपावत्याही घेतल्या होत्या.

विमानाचं तिकीट फुकट नसतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. ते कर्ज असतं. व्याज नाही, पण फेडावं लागतं, आणि सहा महिन्यांनी हप्ता सुरू होतो. कुटुंब मोठं असेल तर आकडा काही हजार डॉलरवर जातो. रेशनच्या तांदळावर वीस वर्षं काढलेल्या माणसाचं नव्या देशातलं पहिलं पत्र हप्त्याचं येतं.

आपलं कल्पित घर २००९ च्या हिवाळ्यात पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गला उतरलं. सरकारने नेमलेल्या एका सेवाभावी संस्थेचा माणूस घ्यायला येतो. रिकाम्या घरात चार गाद्या, भांडी, तांदूळ ठेवलेले असतात. या सुरुवातीच्या सोयीची मुदत ९० दिवस. २०१० मध्ये त्यासाठी माणशी मिळणारं सरकारी अनुदान ९०० डॉलरवरून १,८०० केलं, त्यावरून आधीचं किती तोकडं होतं ते दिसतं. त्यापुढे त्या काळी आठ महिन्यांपर्यंत थोडी रोख मदत. एवढ्यात भाषा शिकायची, नोकरी मिळवायची, भाडं भरायला लागायचं. अमेरिकेची पद्धतच अशी आहे: लवकर कामाला लागा, बाकीचं आपोआप जमेल. नॉर्वेत उलट. तिथे त्या काळी दोन वर्षांपर्यंत भाषा आणि समाजाची ओळख शिकायला भत्ता मिळायचा. अमेरिकेत गेलेल्यांना नशिबाने काळही वाईट लागला. मंदीमुळे तिथलेच लोक बेकार होते. मुलाला हॉटेलातल्या खोल्या साफ करायचं काम मिळालं, सुनेला मांस कापण्याच्या कारखान्यात. सून हिंदू शाकाहारी घरातली असेल तर त्या कारखान्यातली पहिली पाळी कशी गेली असेल, याचा आपण फक्त अंदाज करू शकतो.

मुलं सगळ्यांत लवकर रुळतात. वर्षभरात नात इंग्रजी बोलायला लागते आणि जरा मोठी झाली की विजेचं बिल, डॉक्टरची चिठ्ठी, बँकेचा फोन, सगळं तिच्या आईबापांच्या आधी तिला कळतं. घरातलं मोठेपण नकळत उलटं होतं.

सगळ्यांत कठीण आजोबांचं. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ. ६५ वर्षांवरच्या गरीब माणसाला अमेरिकेत सरकारी निर्वाहभत्ता मिळतो. पण निर्वासिताला तो सातच वर्षं मिळतो, नंतर हवा असेल तर नागरिक व्हावं लागतं. नागरिकत्वाचा अर्ज करता येतो पाच वर्षांनी. म्हणजे हातात दोन वर्षं. परीक्षा इंग्रजीत: एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं, आणि देशाचा इतिहास व राज्यव्यवस्था यांवर तोंडी प्रश्न. आजोबांच्या वेळी १०० प्रश्नांच्या यादीतले दहा विचारत आणि सहा यावे लागत. २०२५ च्या अखेरीपासून अर्ज करणाऱ्यांना १२८ च्या यादीतले वीस, आणि बारा बरोबर हवेत. ज्या माणसाने आयुष्यात पाटी-पेन्सिल हातात धरली नाही, त्याने सत्तराव्या वर्षी हे लिहायचं. वयस्कांना इंग्रजीतून सूट आहे, पण पंचावन्न वर्षांवरच्याला ती मिळते कायम वास्तव्याची पंधरा वर्षं झाल्यावर. आता हिशोब करा. आजोबा २००९ ला आले. भत्ता २०१६ ला बंद. आपल्या भाषेत परीक्षा द्यायची मुभा २०२४ ला. मधली आठ वर्षं? आजारपण किंवा स्मृतिभ्रंशामुळे शिकता येत नाही असं डॉक्टरने लिहून दिलं तर सवलत मिळू शकते, पण तेही कागदच, आणि तो मंजूर व्हावा लागतो. म्हणून पिट्सबर्ग, कोलंबस, हॅरिसबर्ग इथल्या चर्चच्या तळघरांत आणि मंदिरांच्या खोल्यांत सुरकुतलेल्या बोटांनी 'ए, बी, सी' गिरवणाऱ्या आजीआजोबांचे वर्ग भरू लागले.

मनावरचं ओझंही मोजलं गेलं आहे. २००९ ते २०१२ या तीन वर्षांत अमेरिकेतल्या भूतानी निर्वासितांत १६ आत्महत्या झाल्या. त्यांचं प्रमाण अमेरिकेच्या सर्वसाधारण प्रमाणापेक्षा खूप जास्त होतं. तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने (सीडीसी) कुटुंबांशी बोलून कारणं शोधली, तेव्हा भाषा न येणं, मागे राहिलेल्या घरच्यांची काळजी, आप्तांपासून झालेली ताटातूट यांसारख्या गोष्टी समोर आल्या. छावणीत दार उघडलं की दहा शेजारी होते. इथे दार लावून घेतलं की दिवसभर नेपाळी कानावर पडत नाही.

मग माणसं स्वतःच हलू लागली. सरकारने टाकलं त्या गावाहून उठून जिथे आपली माणसं आहेत तिथे. ओहायोतलं कोलंबस आणि त्याच्या कडेचं रेनॉल्ड्सबर्ग, ॲक्रन शहराचा नॉर्थ हिल भाग, पेनसिल्व्हेनियातलं हॅरिसबर्ग. नॉर्थ हिल ही एके काळी इटालियन लोकांची वस्ती, ओस पडत चाललेली. तिथल्या बंद दुकानांवर नेपाळी पाट्या लागल्या. गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, मिळू लागलं, मोमो मिळू लागले, दशैंला, म्हणजे नेपाळी दसऱ्याला, तळलेल्या सेलरोटीचा वास येऊ लागला. ज्यांना इंग्रजी येत नव्हती त्या म्हाताऱ्यांना शहराच्या सामाईक बागेत दोन वाफे मिळाले, आणि मातीत हात घातल्यावर त्यांना कुणी काही शिकवावं लागलं नाही. रायोच्या, म्हणजे मोहरीच्या पाल्याची जुडी घरी आली. पुढे ज्यांनी पैसा जोडला त्यांनी घरं घेतली, वृद्धांची घरी देखभाल करणाऱ्या संस्था काढल्या. २०१९ साली रेनॉल्ड्सबर्गच्या नगर परिषदेवर भुवन प्याकुरेल निवडून आले. अमेरिकेत निवडणूक जिंकलेले ते पहिले भूतानी-नेपाळी. ज्या समाजाला जन्मगावी नागरिक मानलं नाही, त्यातला माणूस नगरसेवक झाला.

पण निर्वासित म्हणून येणं, कायम वास्तव्याचं ग्रीन कार्ड मिळणं आणि नागरिक होणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि त्यांतला फरक २०२५ मध्ये फार कडू रीतीने कळला. एका वर्षानंतर ग्रीन कार्डासाठी अर्ज करावा लागतो, पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं. ज्याने ते मागितलं नाही, फी परवडली नाही म्हणून किंवा परीक्षेची भीती वाटली म्हणून, तो कितीही वर्षं राहिला तरी त्याच्यावर गुन्हा सिद्ध झाल्यास त्याला देशाबाहेर काढता येतं. नागरिकाला असं काढता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या निर्वासितांची भरती थांबवली, पुढे वर्षाला फक्त ७,५०० ची मर्यादा घातली. आणि मार्चपासून नागरिक न झालेल्या भूतानी निर्वासितांना विमानात बसवून भूतानला पाठवायला सुरुवात केली. त्यांतल्या बहुतेकांवर गुन्ह्याची नोंद होती, पण काहींची शिक्षा कधीच भोगून झाली होती. त्यांतले कित्येक छावणीत जन्मलेले, भूतान कधी न पाहिलेले.

भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही. भारताच्या हद्दीपर्यंत आणून सोडलं. ते पश्चिम बंगालमधून, पस्तीस वर्षांपूर्वी आईबाप गेले त्याच वाटेने, मेची ओलांडून नेपाळात गेले. तिथे काहींना बेकायदा प्रवेशाबद्दल पकडलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. काहीजण बेलडांगीला पोचले. ती छावणी अजून आहे. तिथे आणि सनिश्चरेत मिळून साडेसहा हजारांच्या आसपास माणसं उरली आहेत, त्यांत भूतानलाच परत जायचं म्हणून कुठेही न गेलेले म्हातारेही आहेत. ओहायो-पेनसिल्व्हेनियाच्या शाळांत वाढलेली तरुण पोरं त्यांच्या शेजारी, बांबूच्या भिंतीआड झोपायला आली.